उचलून न्यायची चूल

मित्रांनो, चुलीला तिचं वय कुणी विचारत नाही. सूप शिजलं का, चहा उकळला का, एवढंच विचारतात. पण कुणी विचारलंच तर सांगते, मी अकरा हिवाळे काढलेली जुनी लोखंडी चूल आहे. पोटाला गंज चढला आहे, दाराची बिजागरी तारेने बांधलेली आहे आणि चार पायांतला एक पाय जन्मापासून आखूड आहे. लोखंडाची असल्यामुळे माझं बोलणं जरा ठणठणीत वाटेल, त्याचा राग मानू नका.

माझा जन्म बिश्केक शहराच्या बाजारात, पत्रेवाल्यांच्या ओळीत झाला. भंगारात निघालेल्या एका ट्रकची डिझेलची टाकी जुमाबाय नावाच्या कारागिराने कापली, तिला दार लावलं, वर दोन भांडी बसतील अशी तोंडं पाडली आणि खाली पाय जोडले. तोंडात सिगारेट धरून काम करायची त्याला खोड होती. माझा चौथा पाय मोजताना त्याचा एक डोळा मिटलेला असणार, दुसरं काय! शेवटी त्याने माझ्या दोन्ही कुशींना जाड सळईच्या कड्या जोडल्या आणि मला ओळीत उभं केलं.

एसेनबेक आणि मायराम हे जोडपं चूल घ्यायला आलं तेव्हा माझ्या शेजारी माझ्यापेक्षा देखण्या चुली होत्या. एकीला तर पांढरा मुलामा होता. मायरामचे दिवस भरत आले होते. एक हात कमरेवर ठेवून ती त्या पांढरीकडेच बघत होती.

“ती घेऊ या ना. किती छान आहे!”

“छान आहे, पण धरायची कुठे?” एसेनबेकने माझ्या कड्या हलवून पाहिल्या. “ही बघ. एका बाजूने तू, एका बाजूने मी.”

जुमाबायने लगेच सूर लावला. “डोळे मिटून घ्या! बुलडोझर गल्लीच्या तोंडाशी आला तरी तुम्ही आधी चहा प्याल, मग चूल उचलाल आणि निवांत निघाल.”

“तुझ्या तोंडात राख पडो,” मायराम म्हणाली. पण तिला हसू आलं आणि त्यांनी मला घेतलं.

तर मी पसंत पडले ती रूपामुळे नाही आणि गुणांमुळेही नाही. मला उचलून पळता येत होतं, म्हणून.

ज्या वसंतात सरकार उलथलं, त्या वसंतात शहराच्या कडेच्या माळावर लोकांनी खुंट्या मारल्या होत्या. डोंगरातल्या गावांतून पोटासाठी आलेली माणसं ती, भाड्याच्या खोल्यांना विटलेली. खुंटी मारली, दोरी बांधली, की जागा आपली. पण आपली ती फक्त आपल्या तोंडाने. सरकारी नकाशात तिथे अजून माळच होता. वस्तीला नाव दिलं जेती-बुलाक, म्हणजे सात झरे. पाणी मात्र टँकरने यायचं, तेही आठवड्यातून दोनदा. नाव द्यायला काय जातं!

एसेनबेक बाजारात पोती वाहायचा आणि मायराम शिवणाच्या कारखान्यात शर्टांना कॉलर लावायची. दोघांनी कच्च्या विटांची एक खोली उभी केली. खाली मातीची जमीन, वर सिमेंटचे पत्रे. पत्र्यांना एकही खिळा ठोकलेला नव्हता, नुसते दगड ठेवले होते. खिळ्याचा पत्रा काढताना फुटतो, आणि घर पाडायला आले तर निदान पत्रे तरी वाचवायचे होते. म्हणून माझी धुराची नळीही छपरातून गेली नाही. खिडकीची एक काच काढून तिथे टिनाचा तुकडा बसवला, त्याला भोक पाडलं आणि नळी आडवी बाहेर काढली. वारा उलटा फिरला की अर्धा धूर घरात परत यायचा. “आला पाहुणा परत,” असं म्हणत एसेनबेक दार उघडायचा.

अंगणात भाजक्या विटांची एक रास होती, प्लॅस्टिकने झाकलेली. एसेनबेकने ती थोडी थोडी करून जमवली होती. कधी बांधणार म्हणून विचारलं, की त्याचं उत्तर ठरलेलं असायचं, “कागद आला की.” म्हणजे जागा नावावर झाल्याचा सरकारी कागद. लाकडी जमीन कधी करणार? कागद आला की. खिडकीला काच? तीही कागद आला की.

“कागद आला की, कागद आला की!” मायराम एकदा भडकली. “मग मी म्हातारीसुद्धा कागद आला की होते.”

“हो. तोपर्यंत अशीच राहा,” एसेनबेक म्हणाला, आणि तिने त्याला पोतेऱ्याचं फडकं फेकून मारलं.

त्या पहिल्या हिवाळ्यात त्यांना मुलगी झाली. तिच्या आधीचं एक बाळ जगलं नव्हतं, म्हणून हिचं नाव टुर्सुनाय ठेवलं. टुर्सुन म्हणजे राहो. तिची दुपटी माझ्या नळीवर वाळायची. ओल्या कापडाचा, दुधाचा आणि गरम लोखंडाचा तो वास मला अजून आठवतो. मित्रांनो, ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात गोड दिवस होते, खोटं कशाला बोलू!

दर गुरुवारी मायराम माझ्यावर कढई चढवायची आणि बोर्सोक तळायची. पिठाचे ते छोटे चौकोन तेलात टम्म फुगायचे आणि घरभर खमंग वास सुटायचा. घरातली जी माणसं देवाघरी गेली त्यांना तो वास पोचतो, असं सगळे मानतात. टुर्सुनाय बोलायला लागली तशी तिने एका गुरुवारी आईला विचारलं, “अपा, आजोबांना नुसता वास, आणि बोर्सोक आपल्याला?”

“हो. म्हणून त्यांच्या वाटचंही नीट चावून खा,” मायराम म्हणाली.

टुर्सुनाय तीन वर्षांची असताना मागच्या गल्लीत खरंच बुलडोझर आला. माझ्या पोटात विस्तव होता, वर सूप होतं. तरी दोघांनी कड्यांना चिंध्या गुंडाळून मला उचललं. एसेनबेकचा तळहात भाजला, पण सूप सांडलं नाही. बुलडोझर दोन घरं पाडून निघून गेला. शेजारची बुरुल धावत आली आणि माझ्याकडे बघत म्हणाली, “चूल असावी तर अशी! आमची बघ, हलवायला चार माणसं लागतात. अगदी माझ्या सासूबाई!” मी तर फुलूनच गेले. त्या दिवशी गल्लीभर माझंच कौतुक चाललं होतं.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगताना माझी मान खाली जाते.

कोळसा महाग होता. कारखान्यातल्या चिंध्या फुकट मिळायच्या. मायराम पोतं भरून आणायची, नायलॉन, अस्तर, रेक्झिनचे तुकडे. ते पेटलं की माझ्या तोंडातून काळा, तिखट धूर निघायचा. पाचव्या वर्षी टुर्सुनायला खोकला लागला. मग तिच्या छातीत शिट्टी वाजू लागली. चार पावलं पळाली की ती गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहायची. मायराम मेंढीच्या शेपटीची चरबी गरम करून तिच्या छातीला चोळायची, ती चरबीसुद्धा माझ्यावरच गरम व्हायची. मला वाटायचं, पोरगी थंडीने खोकते आहे. म्हणून मी आणखी जोराने पेटायचे.

मायराम तिला दवाखान्यात घेऊन गेली. तिथे काय झालं ते तिने घरी येऊन सांगितलं.

“पत्ता?” खिडकीतल्या बाईने विचारलं.

“जेती-बुलाक. पाण्याच्या टाकीमागे, निळं फाटक.”

“हा पत्ता नाही, ही खूण झाली. घराचा कागद कुठे आहे? नोंदणीचा शिक्का?”

“शिक्का नाही. मुलगी आहे. ही बघा.”

“मुलगी दिसते आहे मला. पण हिचं नाव कुठल्या गल्लीखाली लिहू? नकाशात तुमची गल्लीच नाही.”

ती बाई दुष्ट नव्हती, मायराम म्हणाली. तिने चिठ्ठीवर एका सिरपचं नाव हळूच लिहून दिलं होतं. सिरप गोड होतं आणि टुर्सुनायला आवडलं. शिट्टी काही थांबली नाही.

मग तो उन्हाळा आला.

इथे एक बोलायची रीत आहे, ती तुम्हाला सांगायला हवी. तुमच्याकडे भाऊ वेगळा झाला की म्हणतात, त्याने वेगळी चूल मांडली. इथे घरं धुरावर मोजतात. अमक्या गावात तीस धूर आहेत म्हटलं, की तीस कुटुंबं समजायची. लहान पोरालाही हे ठाऊक असतं. आणि तरीही सगळी गल्ली त्या शब्दात अडकली.

मोल्दोकुल हे आमच्या गल्लीतले वडीलधारे, सगळे त्यांना अक्साकाल म्हणायचे. पांढरी दाढी, उंच टोपी, आणि कुठल्या कचेरीत कुठल्या खुर्चीवर कोण बसतं याची खडान्‌खडा माहिती. जूनमधल्या एका दुपारी ते शहरातून आले आणि त्यांनी सगळ्यांना आमच्या फाटकापाशी गोळा केलं.

“ऐका! जागांचे कागद देणार आहेत. आधी माणसं येऊन मोजणी करणार. साहेबाने स्पष्ट सांगितलं आहे, ज्या जागेतून धूर निघत नाही ती रिकामी धरली जाईल.”

झालं होतं असं, की पुष्कळांनी नुसत्या चार भिंती उभ्या करून जागा अडवून ठेवल्या होत्या. साहेबाचा रोख त्यांच्यावर होता.

“अक्साकाल, धूर म्हणजे कुटुंब. बोलायची पद्धत आहे ती,” एसेनबेक म्हणाला.

“मला शिकवतोस? तुझ्या बापाच्या लग्नातली मेंढी मी कापली आहे. बोलायची पद्धत तुझी न् माझी. कचेरीवाला शब्दावर बोट ठेवतो. तो आला आणि तुझ्या नळीतून धूर नसला, तर काय सांगशील त्याला? बोलायची पद्धत आहे म्हणून?”

ज्यांनी सहा वर्षं कागदासाठी उंबरे झिजवले, त्यांना शब्दाशी खेळण्याची हिंमत होत नाही. आणि मोजणीवाले कधी येणार ते कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळपासून सगळ्या गल्लीने चुली पेटवल्या. बाहेर रणरणतं ऊन, कुत्री सावलीला जीभ काढून पडलेली, आणि प्रत्येक खिडकीतून धूर! चिंध्यांचा धूर जास्त काळा आणि लांबून दिसणारा, म्हणून सगळे चिंध्याच जाळू लागले. कुणाचा धूर दाट याची पोरांमध्ये पैज लागायची. बुरुल सकाळी ओरडून विचारायची, “मायराम, तुझं घर अजून झोपलं आहे का गं?” की मायराम माझ्या पोटात आणखी एक ओंजळ टाकायची.

तेव्हा माझा रुबाब काय सांगू! सकाळ-संध्याकाळ माझी विचारपूस. एसेनबेक माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, “आता हीच आपल्याला घर मिळवून देणार.” माझ्या आयुष्यात इतकं कौतुक मला कधी मिळालं नव्हतं, आणि त्याच दिवसांत मी सगळ्यात वाईट काम करत होते.

तिसऱ्या आठवड्यात, एका दुपारी, टुर्सुनाय माझ्यासमोर जमिनीवर बाहुलीला दुपटं गुंडाळत बसली होती. तिने मान वर केली. तिला काहीतरी म्हणायचं होतं, पण आवाज फुटला नाही. तिचे ओठ निळे पडले होते. कारखान्याचं काम घरी आणून शिवत बसलेल्या मायरामने शिवणयंत्र लोटून दिलं आणि तिला उचललं. बुरुलच्या नवऱ्याची मोटार दारात होती, तिच्यात घालून तिला शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं. जीवावर बेतलं असेल तर तिथे पत्ता विचारत नाहीत. बाहुली तिथेच पडून राहिली.

नऊ दिवस घरात कुणी नव्हतं. एसेनबेक दिवसा पोती वाहायचा आणि उरलेला वेळ इस्पितळाच्या पायरीवर काढायचा. पण मी विझले नाही. बुरुलने शेजारधर्म पाळला. ती रोज येऊन माझ्यात चिंध्या टाकायची, दार नीट ओढून घ्यायची आणि पुटपुटायची, “बिचाऱ्यांची पोरगी आजारी, निदान घर तरी हातचं जाऊ नये.” तिच्या मनात काळंबेरं काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगते.

दहाव्या दिवशी सकाळी मायराम परत आली. टुर्सुनाय तिच्या खांद्यावर होती, सहावं चालू असलेली पोर, पण तीन वर्षांची वाटावी इतकी हलकी झालेली. मायरामने दार उघडलं आणि धूर तिच्या तोंडावर आला. तिने मुलीला अंगणात विटांच्या राशीवर बसवलं, आत आली, केटली उचलली आणि सगळं पाणी माझ्या पोटात ओतलं. मी केवढ्याने फुसफुसले!

बुरुल धावत आली. “अगं वेडी झालीस का? उद्या-परवा येणार आहेत म्हणे! सगळ्या गल्लीत तुझंच घर बिनधुराचं!”

एसेनबेक दारात उभा होता. तो हळूच म्हणाला, “सहा वर्षं थांबलो, मायराम. आता दोन दिवसांचाच तर प्रश्न आहे.”

“डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, घरात काय जाळता? मी म्हटलं, चिंध्या. कशासाठी? मी म्हटलं, घरासाठी. त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मला धरणी दुभंगावी असं झालं.”

“पण घर गेलं तर?”

“गेलं तर दुसरीकडे खुंटी मारू. तुला येते ना खुंटी मारता? पण ही गेली तर हिची खुंटी कुठे मारायची ते सांग मला.”

एसेनबेक अंगणात जाऊन टुर्सुनायजवळ बसला आणि तोंड फिरवून रडला. मी आत ओल्या राखेने भरून बसले होते. थंडी पळवणारी मी, पोरीची सखी मी, आणि तिचा श्वास कोंडणारीही मीच होते. ते मला त्या सकाळी कळलं. मला फार फार वाईट वाटलं, मित्रांनो.

मोजणीवाले खरंच दोन दिवसांनी आले. त्यांच्यात पुढे एक तरुण बाई होती, डोक्याला उन्हाची टोपी, हातात टेप, काखेत वही. गल्लीत शिरताच तिला ठसका लागला. तिने रुमाल नाकाला धरला.

“काय हो, आग लागली आहे का कुठे?”

मोल्दोकुल अक्साकाल पुढे झाले. त्यांनी छाती काढून हात आभाळाकडे केला. “मोजा, मुली! एकूण बेचाळीस धूर. एक सोडून सगळे हजर.”

बाईला आधी कळेचना. मग तिने गल्लीतल्या खिडक्यांकडे पाहिलं, नळ्यांकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला.

“अक्साकाल, धूर म्हणजे नांदती कुटुंबं हो! आभाळातला धूर कोण मोजतं? घरात माणसं राहतात का, एवढंच मला बघायचं आहे. कधीपासून जाळता आहात हे?”

बुरुलने पदराने, म्हणजे डोक्याच्या रुमालाच्या टोकाने, तोंड झाकलं. ती बाई मग एकेका घरात गेली, भिंतींना टेप लावली, माणसं विचारली. आमच्या दारात ती आली तेव्हा मी थंडगार होते. तिने अंथरुणावर बसलेली टुर्सुनाय पाहिली, दोरीवरचे कपडे पाहिले, आणि वहीत लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाली, “एसेनबेक, मायराम, मुलगी टुर्सुनाय. धूर एक.”

ती गेल्यावर मोल्दोकुल आमच्या पायरीवर येऊन बसले. त्यांनी टोपी काढली होती. मी त्यांना बिनटोपीचं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

“बाळा, या म्हाताऱ्याचं चुकलं,” ते टुर्सुनायला म्हणाले.

तिने थोडा विचार केला. “मग टोपी मी घालू?”

ती टोपी तिच्या नाकापर्यंत आली. म्हातारा हसलाही आणि त्याच्या दाढीत पाणीही उतरलं.

कागद यायला त्यानंतर दोन वर्षं लागली. चिंध्या बंद झाल्या. एसेनबेक जादा पोती वाहून कोळसा आणायचा, पण नळी खिडकीतच होती आणि शिट्टी पुरती गेली नव्हती. मग एका वसंतात तो लाल पुठ्ठ्याचं पातळ पुस्तक छातीशी धरून घरी आला. त्यात नाव होतं, गल्ली होती, घराचा नंबर होता, सरकारी शिक्का होता. मायरामने हात धुऊन, पुसून ते पुस्तक हातात घेतलं. आणि एसेनबेकने घरात आल्या आल्या पहिलं काय केलं असेल, सांगा बघू? त्याने खिळे मागितले. छपरावर चढून त्याने एकेक दगड खाली टाकला आणि पत्र्यांना खिळे ठोकले. ठोक, ठोक, ठोक, संध्याकाळपर्यंत तोच आवाज. आठ वर्षं हात आवरून बसलेला माणूस तो, किती जोराने ठोकत होता!

त्याच आठवड्यात त्याने विटांवरचं प्लॅस्टिक फाडून काढलं. एका म्हाताऱ्या रशियन गवंड्याने भिंतीत विटांची मोठी चूल बांधली, तिचं धुराडं छपराच्या वर दोन हात उंच नेलं. खाली लाकडाची जमीन आली, खिडकीला काच आली. मायराम दवाखान्यात गेली आणि तिथल्या बाईने एकदाच पत्ता विचारला असताना तिने तो तीनदा सांगितला. “चौथी गल्ली, घर एकोणीस. एकोणीस! लिहिलंत ना?” टुर्सुनायचं कार्ड झालं. दम्याचा फवारा मिळाला, महिन्याला तपासणी सुरू झाली.

आणि मला अंगणात आणून ठेवलं.

नव्या चुलीत पहिला जाळ करायच्या वेळी मायरामने फावड्यावर माझ्यातले निखारे घेतले आणि तिच्यात टाकले. घरातला विस्तव असाच पुढे न्यायचा असतो. मी रिकामी झाले. खरं सांगू? मला त्या विटांच्या चुलीचा हेवा वाटला. तिला कड्या नव्हत्या. तिला कुणी कधी उचलून नेणार नव्हतं. माझ्यावर उन्हाळ्यात जर्दाळूचा मुरंबा शिजायचा, एरवी कोंबड्या बसायच्या. त्या हिवाळ्यात बर्फ पडलं, मी त्याच्याखाली गाडली गेले, आणि मला मनातून वाटत होतं, बघू या, थंडी कडक झाली की येतीलच मला न्यायला.

कुणी आलं नाही. जानेवारीत एका सकाळी अंगणात मोठा गलका झाला. टुर्सुनाय गल्लीतल्या पोरींबरोबर बर्फात पळत होती. फाटकापासून कुंपणापर्यंत, कुंपणापासून फाटकापर्यंत. ती माझ्या अंगावर धाडकन आदळली आणि तिथेच टेकून धापा टाकू लागली. मी कान देऊन ऐकलं. तिच्या छातीत शिट्टी नव्हती. नुसता श्वास, गरम, ओला, भराभर येणारा. मग माझ्या ध्यानात आलं, की कित्येक दिवसांत घरातून खोकल्याचा आवाजच आलेला नाही. हेवा तेव्हाच कुठे गेला कोण जाणे. मला रडता आलं असतं तर मी रडले असते.

यंदाच्या शरदात वरच्या टेकाडावरून एक तरुण जोडपं आलं. तिथे आता नव्या खुंट्या पडल्या आहेत. बाईच्या पाठीला चार महिन्यांचं बाळ बांधलेलं होतं. त्यांनी कुंपणातून मला पाहिलं होतं. त्या तरुणाने माझ्या कड्या हलवून पाहिल्या.

“हीच हवी, बैके,” थोरल्या भावाला म्हणावं तसं तो एसेनबेकला म्हणाला. “आमचा कागद नाही अजून. उचलता आली पाहिजे.”

“अशीच घेऊन जा, फुकट,” एसेनबेक म्हणाला. “नळी पण ने.”

“देऊ नका!” टुर्सुनाय घरातून धावत आली. दहा वर्षांची झाली आहे ती आता, उंच, गालांवर रंग असलेली. “त्यांच्याकडे बाळ आहे.”

“अगं, मग बाळ थंडीत गारठेल,” मायराम म्हणाली.

टुर्सुनायने ओठ चावला. मग त्या तरुणाकडे वळून तिने विचारलं, “नळी कुठून काढणार?”

“खिडकीतून. सगळे काढतात तशी.”

“छपरातून काढा. उंच.”

तो हसला. “पोरी, पत्र्याला भोक पाडलं की पत्रा गेला. उद्या पाडायला आले तर? एकदा कागद येऊ दे, मग बघू.”

“आणि कागद येईपर्यंत बाळाने श्वास घ्यायचा नाही का?”

एसेनबेकने मान खाली घातली. मायरामने मुलीच्या पाठीवर हात ठेवला. त्या तरुणाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण त्याच्या बायकोने पाठीवरचं बाळ पुढे घेतलं, त्याच्या छातीला कान लावला आणि एसेनबेकला विचारलं, “तुमच्याकडे पत्रा कापायचं काही आहे का?”

दुसऱ्या दिवशी एसेनबेक आपली हत्यारं घेऊन टेकाडावर आला. त्याने स्वतः छपरात भोक पाडलं, माझ्या नळीला आणखी दोन तुकडे जोडले आणि ती वाऱ्याच्या वर काढली. मायरामने कोळशाचं एक पोतं पाठवलं आणि निरोप दिला, चिंध्या आणल्यास तर मी स्वतः येऊन तुझे कान उपटीन.

तर आता मी इथे आहे. बाळ माझ्यापासून चार हातांवर झोपलेलं आहे आणि मी जमेल तेवढी हळू जळते. पण जमीन मातीचीच आहे. फटीतून वारा येतो, भिंती ओल्या आहेत, आणि दवाखान्यातल्या खिडकीत या बाळाचं नाव अजून कुठल्याच गल्लीखाली लिहिलेलं नाही. गेल्या आठवड्यात ते दोनदा खोकलं. दोन्ही वेळा मी मोजलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला आपली कहाणी सांगतात आणि शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, आम्हाला विसरू नका. मी तसं म्हणणार नाही. मोठे झालात की तुमच्यातलं कुणी नकाशे काढेल, कुणी कचेरीत बसेल, कुणाच्या हातात शिक्का असेल. तेव्हा टेकाडावरच्या या खोलीचा कागद तुमच्या टेबलावर आला, तर त्याला उद्यावर टाकू नका. तो आज द्या, आणि मला खुशाल भंगारात काढा.